ऑईल मोजून भरणारे गॅरेज: साताऱ्यातील एका सेवेविषयी

साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून एक गल्ली आत, दोन गाळ्यांचे एक दुचाकी गॅरेज आहे. तिथे मोटारसायकलचे इंजिन ऑईल बदलून घ्यायला सव्वा तास लागतो. हेच काम शहरात इतरत्र वीस मिनिटांत होते आणि मजुरीही जवळजवळ तेवढीच पडते. तरीही गेली तीन वर्षे मी माझी पल्सर १५० आणि वडिलांची स्प्लेंडर या दोन्ही गाड्यांचे ऑईल तिथेच बदलून घेतो. काम करणारी माणसे दोनच असल्यामुळे गर्दी झेपणार नाही, म्हणून गॅरेजचे नाव लिहू नये अशी मालकांची इच्छा आहे आणि ती मी पाळतो. मात्र काम कसे होते ते इथे तपशिलाने लिहितो, म्हणजे ज्यांना साताऱ्याला येणे शक्य नाही त्यांना आपल्या गावच्या मिस्त्रींकडून तेच मागून घेता येईल.

मी मेढ्याच्या शाळेत शिकवतो. सातारा ते मेढा असा रोजचा जाऊन-येऊन पन्नासएक किलोमीटरचा प्रवास आणि महिन्यातून एक-दोनदा केळघरचा घाट चढून महाबळेश्वरला जाणे, एवढे काम ही गाडी २०१२ पासून करते आहे. ऑईल वेळेवर बदलायचे हे मला माहीत होते आणि ते मी नेमाने बदलतही होतो. ऑईल बदलणे आणि ऑईलची पातळी बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र मला तीन वर्षांपूर्वी, बरेच नुकसान सोसल्यावर कळले.

त्या वेळी वेळेच्या अडचणीमुळे मी महामार्गालगतच्या एका मोठ्या कार्यशाळेत गाडी टाकली होती. वीस मिनिटांत काम झाले, बिल हातात आले. दुसऱ्याच दिवशी गाडी अंगाला जड वाटू लागली. तिसऱ्या गिअरवर जी चढण ती सहज चढत असे, तिथे दुसरा टाकावा लागू लागला. सिग्नलला उभे राहिल्यावर न्यूट्रल सापडेना. क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढ घेई. आठवड्याभरात एअर फिल्टरच्या डब्याखालच्या नळीतून ऑईल टपकू लागले आणि गाडी उभी करायची तिथल्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग रोज दिसू लागला. इंजिनाची एखादी सील गेली असावी असे मी धरून चाललो होतो. कार्यशाळेत दाखवले तेव्हा इंजिन खोलावे लागेल असे सांगण्यात आले.

एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी या गॅरेजमध्ये आलो. मिस्त्री साठीच्या घरात आहेत. त्यांचा पुतण्या आयटीआयचा अभ्यासक्रम पूर्ण करून त्यांच्या हाताखाली काम करतो. माझे सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकही पाना हातात घेतला नाही. गाडी डबल स्टँडला लावून पुतण्याला घड्याळ बघायला सांगितले, मला बाकावर बसवले आणि दहा मिनिटांनी उजव्या बाजूला, क्लचच्या झाकणावर असलेल्या ऑईलच्या गोल काचेवर बॅटरीचा प्रकाश टाकला. काचेत मला काहीच दिसले नाही. ना रेषा, ना हालचाल; नुसती एकसारखी तपकिरी काच. मी म्हणालो, ऑईल संपलेले दिसते. ते म्हणाले, "सर, भरल्याली काच आन् रिकामी काच, दोन्ही सारखीच दिसत्यात बगा. मधी रेघ दिसली तरच ती काच काय तरी सांगती." मग त्यांनी गाडी स्टँडवरून उतरवून हळूहळू डावीकडे झुकवली. काच उजवीकडे असल्यामुळे गाडी डावीकडे कलली की ऑईल तिच्यापासून दूर सरकते. बरीच झुकवल्यावर काचेच्या वरच्या कडेतून ऑईलची रेघ खाली उतरताना दिसली. काच रिकामी नव्हती, ती काठोकाठ बुडालेली होती.

त्यांनी ऑईल गाळून मापाच्या भांड्यात घेतले. १,२८० मिलिलिटर भरले. या गाडीला ऑईल बदलताना लागणारे प्रमाण १ लिटरचे आहे. मी जुने बिल काढून दाखवले, तर त्यावर १.२ लिटर ऑईल लावलेले होते. एवढे दिवस ते बिल माझ्या पाकिटात होते आणि त्याचा अर्थ मला लागला नव्हता. घडले ते असे असावे, असे मिस्त्रींनी समजावले. गाडी साईड स्टँडला असतानाच, इंजिन थंड असताना, घाईने ऑईल सोडले. त्यामुळे जुन्यातले बरेचसे आतच राहिले. वरून पूर्ण एक लिटरची बाटली ओतली. मग गाडी साईड स्टँडवरच असताना काच पाहिली. साईड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, उजवीकडची काच वर उचलली जाते आणि आत पुरेसे ऑईल असूनही ती रिकामी दिसते. ऑईल कमी आहे असे समजून आणखी दोनशे मिलिलिटर घातले. यात फसवणूक करण्याचा कुणाचा हेतू नव्हता, हे मी आवर्जून लिहितो. फक्त एक स्टँड चुकीचा होता आणि कुणीही थांबून पाहिले नव्हते.

ऑईल जास्त झाले तर बिघडते काय, कमी असण्यापेक्षा जास्त बरे नाही का, असा प्रश्न मला त्या दिवशी पडला होता आणि तो अनेकांना पडत असणार. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑईल पुरते आणि ते सगळे तळाच्या कप्प्यात साठते. त्याच्या पृष्ठभागाच्या वर क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा) मोकळी फिरावी अशी ती पातळी ठरवलेली असते. पातळी वाढली की मिनिटाला हजारो फेरे घेणारी क्रँक ऑईलमध्ये बुडून त्याला रवीसारखी घुसळते. त्यात एक तर इंजिनाची ताकद वाया जाते आणि ऑईल तापते. शिवाय घुसळणीने त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो. फेसाळलेले ऑईल पंपाने कितीही उचलले तरी बेअरिंगवर हवी तशी पातळ अखंड चादर धरत नाही. म्हणजे जास्त ऑईल घालून शेवटी इंजिनाला वंगण कमीच मिळते. आतली मोकळी जागा घटल्यामुळे पिस्टन खाली येताना दाबली जाणारी हवा बाहेर पडण्याच्या नळीतून आपल्याबरोबर ऑईलही घेऊन जाते, आणि ती नळी एअर फिल्टरच्या डब्यात उघडते. माझ्या फिल्टरचा फोम पिळल्यावर चहाच्या कपाचा तळ भरेल एवढे ऑईल निघाले. क्लचच्या प्लेटा ऑईलमध्ये गरजेपेक्षा जास्त बुडाल्यामुळे नीट सुटत नव्हत्या, म्हणून न्यूट्रल सापडत नव्हते. इंजिन खोलावे लागले नाही. फिल्टर बदलला, डबा पुसून काढला, ऑईल योग्य पातळीला आणले, आणि चार दिवसांत गाडी पूर्वीसारखी चालू लागली.

आता त्यांच्या कामाची रीत सांगतो.

गाळ्याच्या एका बाजूला कडाप्पाच्या फरशीचा सहा-सात फुटांचा पट्टा आहे. फरशी बसवताना गवंड्याला समोर उभे करून, पाणसळ लावून तो सपाट करून घेतला, असे मिस्त्री सांगतात. ती पाणसळ आजही भिंतीला टांगलेली आहे आणि वर्षातून एकदा ते ती पट्ट्यावर ठेवून पाहतात. ऑईलचे काम करायची गाडी त्या पट्ट्यावरच उभी राहते. गाडी लांबून आली असेल तर थोडी निवू देतात, आणि रात्रभर उभी असेल तर दोन-तीन मिनिटे चालू ठेवतात, कारण कोमट ऑईल पातळ होऊन पूर्ण निथळते आणि तळाशी बसलेला गाळही आपल्याबरोबर घेऊन येते. आधी वरचे झाकण उघडतात, मग खालचा ड्रेन बोल्ट. धार बंद होऊन थेंब पडू लागले तरी बोल्ट लावत नाहीत. पंधरा मिनिटे तसेच ठेवतात आणि मधून गाडी दोन्ही बाजूंना थोडी कलवून घेतात. पुष्कळ ठिकाणी या वेळी रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन धुतात, नाहीतर उरलेले ऑईल निघावे म्हणून ते क्षणभर कोरडेच चालवतात. या दोन्ही गोष्टी मी इथे एकदाही पाहिल्या नाहीत. कोरड्या इंजिनाच्या त्या काही सेकंदांत जी झीज होते ती पुन्हा भरून येत नाही, यावर मिस्त्री फार ठाम आहेत.

निघालेले ऑईल मोजतात, हे मला या सेवेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. मागच्या वेळी किती घातले होते ते पुतण्याच्या वहीत लिहिलेले असते. आता किती निघाले ते त्याखाली लिहिले जाते. या दोन आकड्यांच्या वजाबाकीत इंजिनाची प्रकृती कळते. माझ्या गाडीत चार हजार किलोमीटरला साठ-सत्तर मिलिलिटरची घट येते आणि ती गेली तीन वर्षे जवळपास स्थिर आहे. एका मालवाहू वापराच्या गाडीची घट तिप्पट झालेली पाहून त्यांनी तिच्या मालकाला पिस्टनच्या रिंगा तपासून घ्यायला सांगितले, तेव्हा सायलेन्सरमधून निळा धूर दिसायलाही लागला नव्हता. नुसत्या काळ्या रंगावरून ऑईल खराब ठरवणाऱ्यांना हे मोजमाप कधीच मिळत नाही. ऑईल काळे होणे हे ते आपले काम करत असल्याचे लक्षण आहे. ते कमी होणे किंवा वाढणे ही काळजीची बाब.

वाढणे हा शब्द मी चुकून लिहिलेला नाही. न घालता पातळी वर गेली तर आत दुसरे काहीतरी मिसळते आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत फ्लोटची, म्हणजे पेट्रोलची आवक रोखणारी, सुई नीट बसली नाही आणि पेट्रोलचा कॉक चालू राहिला, तर पेट्रोल झिरपत सिलिंडरमधून ऑईलमध्ये उतरू शकते. म्हणून हे मिस्त्री पातळी पाहताना वरच्या झाकणाचा वासही घेतात. पावसाळ्यात महाबळेश्वर-मेढ्याकडच्या गाड्यांच्या झाकणाला आतून ताकासारखा पांढरट थर दिसतो. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि हवेतली ओल आतच धरून राहते, त्याचा हा परिणाम. नुसत्या झाकणाला असेल तर एकदा लांबचा प्रवास करून इंजिन चांगले तापू द्यावे. पण खालून निघालेले सगळे ऑईलच दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे असे समजून ते बदलावे, असा त्यांचा सल्ला असतो आणि तो मला पटतो.

बोल्ट बसवताना वॉशर दर वेळी नवा. इंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमचे असते, बोल्ट पोलादी. जोर जास्त झाला की आटे आवरणाचे जातात, आणि ते दुरुस्त करण्याचा खर्च वेगळा सोसावा लागतो. म्हणून त्यांच्याकडे टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच बोल्ट आवळता येणारा पाना, आहे आणि तो भिंतीवर शोभेला लावलेला नसून दर बोल्टला वापरला जातो.

यानंतर ऑईल भरणे येते. बाटली आपल्यासमोर फोडतात आणि नरसाळ्यातून थेट न ओतता आधी मापात घेतात. माझ्या गाडीत पहिल्यांदा ८५० मिलिलिटर घालतात, मग झाकण लावून तीन मिनिटे इंजिन रेस न करता चालू ठेवतात आणि बंद करून पाच मिनिटे थांबतात. हे थांबणेच सगळीकडे वगळले जाते. इंजिन चालू असताना बरेचसे ऑईल वर, हेडमध्ये आणि वाटांमध्ये पसरलेले असते. लगेच पाहिले तर पातळी खोटीच कमी दिसते आणि हात बाटलीकडे जातो. पाच मिनिटांत ते खाली उतरते. तेव्हा काचेकडे पाहून, मोठ्या सिरिंजने पन्नास-पन्नास मिलिलिटर वाढवत नेतात. पन्नास मिलिलिटरने रेघ जेमतेम दोन-तीन मिलिमीटर हलते, हे त्यांनी मला जवळ बसवून दाखवले. काचेच्या कडेला वरची आणि खालची अशा दोन खुणा असतात. त्यांच्या मधोमध आल्यावर आणखी एक सिरिंज घालून ते थांबतात; वरच्या खुणेपर्यंत नेत नाहीत. ऑईल तापल्यावर फुगते. एक लिटर ऑईलचे तापमान साठ अंशांनी वाढले तर ते सुमारे चाळीस मिलिलिटरने वाढते. तेवढी जागा राहू द्यावी असे त्यांचे म्हणणे. खालच्या खुणेजवळ मात्र ठेवत नाहीत, कारण केळघरच्या चढाला किंवा जोरात ब्रेक लावल्यावर ऑईल एका बाजूला धावते आणि पंपाच्या जाळीच्या तोंडाशी हवा येण्याची भीती असते.

बाटलीत उरलेले ऑईल घट्ट झाकण लावून, तारीख लिहून ग्राहकाच्या हातात दिले जाते. आम्ही बाटलीचे पैसे दिले म्हणजे ती रिकामी झालीच पाहिजे, असा आग्रह धरणारे ग्राहक मी तिथे पाहिले आहेत, आणि त्यांना शांतपणे नकार मिळतो हेही पाहिले आहे. बाजारात स्कूटरसाठी ८०० मिलिलिटरच्या, शंभर सीसीच्या अनेक गाड्यांसाठी ९०० मिलिलिटरच्या आणि त्याहून मोठ्यांसाठी लिटरच्या बाटल्या मिळतात. बाटलीचे माप हे विक्रीच्या सोयीचे असते. आपल्या इंजिनातून आज किती निघाले आणि किती आत राहिले, हे बाटली भरणाऱ्या कारखान्याला कळणे शक्य नाही.

वडिलांच्या स्प्लेंडरची गोष्ट याहून साधी आहे, आणि माझ्या मते ती जास्त लोकांच्या कामाची आहे. तिला काच नाही. ऑईल भरण्याच्या झाकणालाच खुणांची काडी जोडलेली असते. अण्णा गेली कित्येक वर्षे दर महिन्याला स्वतः ती काडी तपासत आले. पुसायची, परत घालून घट्ट फिरवायची, काढून पाहायची. दर वेळी ऑईल वरच्या खुणेला लागलेले असे. तरी इंजिनाचा टॅपेटचा, म्हणजे वरच्या भागातला टकटक, आवाज वाढत चालला होता. मी गाडी मिस्त्रींकडे नेली तेव्हा अण्णाही बरोबर आले होते. मिस्त्रींनी काडी पुसून नुसती भोकावर टेकवली, आटे फिरवले नाहीत, आणि काढून दाखवली. ऑईल खालच्या खुणेलाही लागले नव्हते. मग पुसून, पूर्ण फिरवून घातली आणि पुन्हा काढली. आता ते वरच्या खुणेला होते. ऑईल तेच, गाडी तीच, मध्ये फक्त आट्यांच्या उंचीचे अंतर. होंडा आणि हिरोच्या या पद्धतीच्या गाड्यांत काडी न फिरवता, आट्यांवर टेकवूनच पातळी पाहायची असते. तसे त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. फिरवली की काडी तेवढी खोल जाते आणि ऑईल आहे त्याहून जास्त दाखवते. काही गाड्यांत मात्र काडी पूर्ण फिरवूनच पाहावी लागते, म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका उघडल्याशिवाय यात कुणाचेही ऐकू नये, माझेही. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी काडी हातात घेऊन स्वतः दोन्ही तऱ्हांनी पाहिली. इतकी वर्षे जिव्हाळ्याने घेतलेली काळजी एका फिरकीमुळे वाया गेली होती, याचे त्यांना वाईट वाटले, आणि मिस्त्रींनी त्या वेळी "अण्णा, तुमी बघत तरी हुता, लोकं झाकानच उघडत न्हाईत" असे म्हटले, ते मला माणूस म्हणून फार मोठे वाटले.

जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या बुलेटही इथे येतात आणि त्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्या इंजिनात ऑईल वेगळ्या टाकीत राहते. गाडी आठवडाभर उभी राहिली की पंपातून झिरपून ते क्रँकच्या कप्प्यात उतरते आणि टाकीत काडी घातली तर टाकी रिकामी दिसते. अशा वेळी भर घातली, तर गाडी चालू झाल्यावर उतरलेले ऑईल पंप परत टाकीत आणतो आणि जास्तीचे सगळे बाहेर फेकले जाते. म्हणून तिथे आधी इंजिन चालवायचे, मग पाहायचे. मिस्त्री बुलेटवाल्यांना त्यांची गाडी चालू करायला लावतात तेव्हा काहींना ते वेळ काढणे वाटते.

ऑईलची निवड हा वेगळा विषय आहे. एवढेच नोंदवतो की मिस्त्री पुस्तिकेतल्या ग्रेडपलीकडे, म्हणजे दाटपणाच्या दर्जापलीकडे, जात नाहीत. माझ्या गाडीला २०डब्ल्यू-५०. ओल्या, म्हणजे इंजिन ऑईलमध्येच चालणाऱ्या क्लचच्या मोटारसायकलींसाठी जासो या जपानी मानकाचे एमए किंवा एमए२ हे चिन्ह असलेले ऑईलच घ्यायला सांगतात. कारचे ऑईल घेऊन आलेल्या एका तरुणाला त्यांनी ते परत करायला पाठवले, कारण त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांनी क्लच घसरू शकतो.

आता उणिवा. सव्वा तास हा खरोखरच सव्वा तास आहे, आणि तिथे बसायला एकच बाक आहे. फोनवर वेळ मिळत नाही. आधी येईल त्याची गाडी आधी, मग तुम्हाला शाळा गाठायची असो वा दवाखाना. बिल हाताने लिहिलेले मिळते. इलेक्ट्रॉनिक इंधन पुरवठ्याच्या नव्या गाड्यांचे ऑईल ते बदलतात, पण त्यात दुसरा काही दोष दिसला तर तपासण्याची यंत्रे त्यांच्याकडे नाहीत आणि ते स्पष्टपणे दुसरीकडे पाठवतात.

मिस्त्रींचे एक मत मला पटत नाही. प्रत्येक गाडीचे ऑईल अडीच हजार किलोमीटरला बदलावे असा त्यांचा आग्रह असतो. त्यांनी जुन्या काळी हलक्या प्रतीच्या ऑईलवर इंजिने जळालेली पाहिली आहेत, हे मी समजू शकतो. परंतु आजच्या ऑईलसाठी, विशेषतः महामार्गावर सरळ चालणाऱ्या गाडीसाठी, पुस्तिकेतले अंतर पुरेसे आहे, आणि ज्या माणसाच्या वहीत दर वेळच्या घटीचा हिशेब आहे त्याने तरी हे अंतर गाडीगणिक ठरवावे, असे मला वाटते. मी चार हजारांवर ठाम राहिलो आणि त्यांनी ते मान्य केले.

गंभीर उणीव एकच. जुने ऑईल ते पिंपात साठवतात, ही गोष्ट चांगली. पण पिंप भरल्यावर ते भंगारवाला घेऊन जातो आणि त्यातले काही सेंट्रिंगच्या प्लेटांना लावण्यासाठी ठेकेदारही मागून नेतात. वापरलेले ऑईल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. सेंट्रिंगवरून ते पावसात धुऊन मातीत आणि विहिरींत उतरते. जो माणूस पन्नास मिलिलिटरचा हिशेब ठेवतो, त्याच्या पिंपातले शंभर लिटर असे बेहिशेबी जावे हे मला खटकते. मी दोनदा बोललो आहे. लहान गॅरेजकडून एवढेसे ऑईल न्यायला कुणी येत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे. आसपासच्या आठ-दहा गॅरेजांनी मिळून पिंपे एकत्र केली तर मार्ग निघेल असे पुतण्याचे म्हणणे आहे आणि तो त्या खटपटीला लागला आहे.

मजुरी मला मागच्या वेळी दीडशे रुपये पडली. ऑईल आणि फिल्टर छापील किमतीला मिळतात आणि आपले स्वतःचे नेले तरी चालते. फक्त बाटली सीलबंद हवी. काम झाल्यावर पाचशे किलोमीटरनंतर पातळी एकदा दाखवून जायला सांगतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. जाणाऱ्यांनी सकाळी साडेनऊच्या सुमारास जावे. अकरानंतर रांग लागते आणि मग ते घाई करत नाहीत, आपल्यालाच संध्याकाळ होते. घरी पातळी पाहण्याची सवय लावून घ्यायची असेल तर पुतण्याला विचारावे. त्याने मला एकट्याने गाडी सरळ धरून खालची काच कशी पाहायची ते शिकवले: काचेसमोर जमिनीवर दाढीचा छोटा आरसा तिरका ठेवायचा. परवा रविवारी मी तसे पाहिले. रेघ दोन्ही खुणांच्या मधोमध, किंचित वर, पाचशे किलोमीटरपूर्वी होती तिथेच होती. अण्णांनी शेजारी त्यांची काडी पुसून, न फिरवता टेकवली आणि मला दाखवायला आणली.